बर्फातले शेवटचे चार दिवस

स्कीइंग म्हटले की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातले गुलमर्ग उभे राहते. नायक-नायिका उतारावरून सुसाट खाली येतात आणि परत वर जायला पाळणा असतोच. नॉर्वे-स्वीडनमधल्या लोकांचे स्कीवरचे भटकणे याहून अगदी निराळे असते. तेथे पाळणा नाही की आखलेला उतार नाही. पायाला लांब, अरुंद स्की. बूट फक्त चवड्याशी अडकवलेला आणि टाच मोकळी. पाठीवर बारा-पंधरा किलोंची सॅक. आणि पुढे पंधरा-वीस किलोमीटरपर्यंत एकही घर नसलेला पांढरा मुलूख. चढावर स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. वारकरी जसा मुक्कामामागून मुक्काम करीत जातो, तसे हे लोक एका लाकडी घरातून पुढच्या लाकडी घराकडे जात राहतात.

माझा भाचा गोथेनबर्गला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. शिक्षण पुण्याचे आणि शाळेपासून गड-किल्ल्यांचे वेड. तिकडे गेल्यावर तो स्की शिकला आणि गेल्या एप्रिलमध्ये दोन स्वीडिश सहकाऱ्यांबरोबर त्या देशाच्या पार उत्तरेला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, ‘कुंग्सलेडेन’ म्हणजे राजमार्ग नावाच्या वाटेवर गेला. ही वाट एकूण चारशे किलोमीटरांहून जास्त लांब आहे. हे तिघे तिचा उत्तरेकडचा प्रसिद्ध टप्पा करणार होते. आबिस्कोहून निघायचे, सिंगीला राजमार्ग सोडून पूर्वेला वळायचे आणि निक्कालुओक्ता गावी उतरायचे. शंभराहून थोडे अधिक किलोमीटर आणि सात दिवस. वाटेवर दर बारा ते वीस किलोमीटरवर स्वीडिश पर्यटन संस्थेची घरे आहेत. बहुतेक घरांत वीज नाही. गोठलेल्या ओढ्याला भोक पाडून पाणी आणायचे, लाकडे आपणच फोडायची आणि निघताना मागून येणाऱ्या माणसासाठी पाणी व लाकूड भरून ठेवायचे, अशी तेथली रीत. वाट बर्फाखाली गेलेली असते, म्हणून खांबांवर तांबड्या फुल्या ठोकून ती दाखवतात.

परत आल्यावर त्याच्याशी फोनवर दोनदा तास-तासभर बोलणे झाले. पहिल्या पाच दिवसांच्या गोष्टी रेनडियरच्या, रात्री दिसलेल्या उत्तरप्रकाशाच्या आणि स्वीडिश माणसांच्या अबोलपणाच्या होत्या. त्या गमतीच्या आहेत, पण आरोग्याच्या सदरात त्यांचे काम नाही. डॉक्टर म्हणून माझे कान टवकारले ते शेवटच्या चार दिवसांचे ऐकताना.

झाले असे, की चेक्त्या नावाची खिंड या वाटेवरची सर्वांत उंच जागा आहे, साधारण ११५० मीटर. सोसाट्याच्या वाऱ्यामुळे ती त्यांना ठरल्या दिवशी ओलांडता आली नाही. एक दिवस बसून काढावा लागला. पाचव्या दिवशी ती ओलांडून ते सेल्का येथील घरात पोचले. हातात दोन दिवस उरले होते आणि मुक्काम मात्र तीन. सेल्का ते सिंगी बारा किलोमीटर, सिंगी ते केबनेकाइसे चौदा, आणि तेथून निक्कालुओक्ता एकोणीस. निक्कालुओक्ताहून बसने किरुना आणि किरुनाहून रात्रीची स्टॉकहोमची आगगाडी. तिचे तिकीट महिन्यापूर्वीच काढलेले. तेव्हा ठरले, की सहाव्या दिवशी सिंगीला न थांबता एकदम सव्वीस किलोमीटर मारायचे.

आता या तिघांच्या शरीराचा जमाखर्च मांडून पाहू. पाठीवर ओझे घेऊन बर्फातून दिवसभर स्की करणाऱ्या माणसाला चार हजार किंवा त्याहून जास्त कॅलरी लागतात. शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसालाही एवढ्या लागत नाहीत. एवढे अन्न पाठीवर वाहणे अवघड आणि पोटात जाणे त्याहून अवघड, कारण पाकिटातल्या त्याच त्या शिजवणाचा तिसऱ्या दिवशीच कंटाळा येतो. रोजची तूट पाचशे कॅलरींची धरली तरी पाच दिवसांत ती अडीच हजारांवर जाते. चरबीचा साठा भरपूर असतो, पण तो सावकाश जळतो. झटपट उपयोगी पडते ती यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर. तिचा साठा चारपाचशे ग्रॅमच असतो आणि रोज रात्री तो पुरता भरला नाही तर दुसरा दिवस रिकाम्या खिशाने सुरू होतो.

पाण्याचे तसेच. थंडीत तहान लागत नाही. उलट लघवी जास्त होते, कारण कातडीकडचे रक्त आत वळते आणि मूत्रपिंडांना वाटते की शरीरात पाणी फार झाले. कोरड्या थंड हवेत प्रत्येक श्वासाबरोबर वाफ बाहेर जाते ती वेगळीच. चौथ्या-पाचव्या दिवशी अशा माणसांची लघवी गडद पिवळी होते, डोके जड राहते आणि ते त्याचे खापर उशीवर फोडतात. कपडे आणि झोपायची पिशवी रोज थोडी थोडी दमट होत जाते. टाचेवर फोड आलेले असतात. या एकेका गोष्टीने कोणी मरत नाही. पण सहाव्या दिवशी सकाळी निघणारा माणूस हा पहिल्या दिवशीचा माणूस नसतो, हे त्याला स्वतःला कळत नाही. उलट सवय झाल्यामुळे त्याला आपण पहिल्यापेक्षा तरबेज झालो असे वाटत असते.

आणि दमलेल्या माणसाला थंडी जास्त बाधते. हुडहुडी भरणे म्हणजे स्नायूंनी जळण जाळून ऊब तयार करणे. जळण साखरेचे. स्नायू थकलेले आणि साखर संपलेली, तर चूल पेटणार कशी?

त्या दिवशी सकाळी सेल्काला उणे दहा अंश तापमान होते. तेथल्या मानाने काहीच नाही. पण दहा वाजल्यानंतर वारा वाढला. वाऱ्याचा वेग सेकंदाला पंधरा मीटर, म्हणजे ताशी चौपन्न किलोमीटर झाला, की उणे दहाची थंडी उघड्या कातडीला उणे बावीससारखी लागते. जानेवारीत पहाटे मोटारसायकलवरून शिवारातून जाणाऱ्याला याची थोडीफार कल्पना येईल. वाटेत निम्म्यावर एक लहानसा लाकडी आसरा आहे. एरवी तेथे बसून सगळे खातात-पितात. हे तिघे वेळ वाचवायचा म्हणून थांबले नाहीत. गाडी गाठायची होती ना!

तिघांत सर्वांत तंदुरुस्त होता तो चौतीस वर्षांचा सहकारी. मॅरेथॉन धावणारा, अंगावर चरबीचा कण नाही. सिंगी तीन किलोमीटरवर राहिले असताना तो मागे पडू लागला. आधी त्याने दोनदा विनाकारण चिडून उत्तर दिले होते, आणि मग तो बोलेनासाच झाला. सपाटीवर त्याच्या स्की एकमेकींवर चढू लागल्या. ‘बरा आहेस ना?’ विचारले तर ‘हो’ म्हणायला त्याने चार-पाच सेकंद घेतले. आणि मग भाच्याने पाहिले ते असे : त्या माणसाने सॅकचा पट्टा आवळायला उजव्या हाताचा मोजा काढला, तो वाऱ्याने उडाला, बर्फावरून घरंगळत गेला, आणि हा उभा राहून नुसता त्याच्याकडे पाहत राहिला. धावला नाही. हाकही मारली नाही.

“मामा, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला,” भाचा म्हणाला. यायलाच हवा होता. शरीराच्या गाभ्याचे तापमान सदतीसवरून पस्तिसाच्या खाली आले, की त्याला आम्ही हायपोथर्मिया म्हणतो. त्याची सुरुवात कातडीवर दिसण्याआधी वागण्यात दिसते. माणूस चिडतो, पुटपुटतो, अडखळतो, हातातल्या वस्तू पाडतो, आणि सर्वांत घातक म्हणजे त्याला कशाची पर्वा वाटेनाशी होते. दारू प्यायल्यासारखे हे वागणे असते. स्वतःच्या बाबतीत ते कधीही ओळखता येत नाही, कारण ओळखणारा मेंदूच थंड पडत चाललेला असतो. म्हणूनच एकट्याने जायचे नाही, आणि तिघांनी जायचे तर एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचे.

तिघांतली तिसरी व्यक्ती म्हणजे बावन्न वर्षांच्या एक बाई. लहानपणापासून स्कीवर वाढलेल्या. त्यांनी एका शब्दाची चर्चा केली नाही. सॅकमधून पातळ नायलॉनची एक मोठी खोळ काढली, तिघांच्या डोक्यावरून घेतली आणि तिघे आत सॅकवर बसले. स्कँडिनेव्हियात हिवाळ्यात डोंगरात जाणारा जाणता माणूस ही खोळ घेतल्याशिवाय निघत नाही. वारा थांबला की निम्मी थंडी थांबते. बाईंनी त्याच्या हातात कोरडा, जादा मोजा घातला. सगळ्या कपड्यांवरून पिसांचे जाड जाकीट चढवले. आणि थर्मासमधले ब्लूबेरीचे गरम, गोड सूप पाजले. निळसर-जांभळ्या, बोराएवढ्या फळांचे हे सूप तिकडे स्कीवाल्यांचे ठरलेले पेय आहे. बरोबर चॉकलेट. दहा मिनिटांनी त्याला अशी हुडहुडी भरली की खोळ हलू लागली. भाचा घाबरला. बाई मात्र हसल्या.

बाईंचे बरोबर होते. हुडहुडी हे शुभलक्षण आहे. चूल पुन्हा पेटल्याची ती खूण. गाभ्याचे तापमान बत्तीस अंशांच्या आसपास खाली गेले, की हुडहुडी बंद पडते, आणि तेव्हा सोबत्यांना वाटते की आता त्याला बरे वाटू लागले! काही जण तर त्या अवस्थेत उकडते आहे असे म्हणून अंगातले कपडे काढू लागतात. गोठून गेलेली माणसे अर्धवट उघडी सापडतात त्याचे कारण हेच. अठ्ठावीसच्या खाली हृदयाचा ठोका बिघडायला एखादा धक्काही पुरतो. म्हणून शुद्ध हरपलेल्या माणसाला उचलताना, कूस बदलताना काचेच्या भांड्यासारखे जपावे लागते. त्याला चालवू नये, चोळू नये आणि तोंडात पाणी घालू नये. हा गृहस्थ मात्र शुद्धीवर होता, गिळू शकत होता, थरथरत होता. वीस मिनिटांनी त्याला मध्ये घेऊन ते निघाले आणि तासाभरात सिंगीच्या घरात, लाकडाच्या शेगडीपाशी होते.

तेथे ओले कपडे काढताना भाच्याला आपल्या उजव्या पायाचा अंगठा दिसला. मेणासारखा पांढरा, हात लावला तर लाकडासारखा. दुखत मुळीच नव्हता. टाचेवरचा फोड घासू नये म्हणून त्याने तीन दिवस बुटाची नाडी घट्ट आवळली होती. त्याने फोड वाचला आणि अंगठ्याचा रक्तपुरवठा गेला. थंडीत दुखणारे बोट जिवंत असते. दुखायचे थांबलेले बोट पाहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये.

बाईंनी त्याला समोर बसवले आणि त्याचा उघडा पाय आपल्या स्वेटरच्या आत पोटावर ठेवून घेतला. “मला मेल्याहून मेल्यासारखं झालं,” तो म्हणाला. स्वाभाविक आहे. चुकून कोणाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसे. पण हा उपाय शास्त्रशुद्ध आहे. पोटाची किंवा काखेची ऊब सदतीस अंशांच्या जवळ असते, त्याहून जास्त होत नाही. शेगडीपुढे पाय धरला असता तर बधिर कातडी भाजलेली कळलीही नसती. अर्ध्या तासाने अंगठ्यात जीव आला, आणि तो येताना विंचू चावल्यासारखा आला. तो ठणका चांगला. पुढे त्यावर स्वच्छ पाण्याने भरलेला एक फोड आला. असा फोड वरवरच्या हिमदंशाचा असतो. रक्ताळलेला, काळपट फोड आला असता तर मला झोप लागली नसती.

पूर्वी अशा बोटांवर बर्फ चोळत. नेपोलियनच्या सैन्याचे सर्जन लॅरे यांनी १८१२ च्या रशियातील माघारीत पाहिले, की गोठलेले हातपाय शेकोटीत शेकणाऱ्यांचे फार हाल होतात. यावरून त्यांनी बर्फ चोळण्याचा सल्ला दिला. निरीक्षण खरे होते, पण निघालेला उपाय उफराटा. तरी तो शतकभराहून अधिक काळ टिकला आणि हिमालयातून आलेल्या तरुणांच्या तोंडून मी तो अजून ऐकतो. गोठलेले बोट सदतीस ते एकोणचाळीस अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवावे, ही आजची पद्धत. एक अट मात्र पाळावी : पुन्हा गोठण्याचा संभव असेल तर वितळवू नये. एकदा वितळलेले बोट दुसऱ्यांदा गोठले तर बहुधा जाते. सिंगीला ती अट पाळायची तर दुसऱ्या दिवशी निघता येत नव्हते.

संध्याकाळी यावरून वाद झाला. तो मॅरेथॉनवाला गृहस्थ आता ऊब येऊन, पोटभर जेवून ताजातवाना झाला होता. त्याचे म्हणणे, पहाटे चारला निघाले तर दिवसभरात तेहतीस किलोमीटर होतील आणि गाडी मिळेल. घराच्या राखणदाराने बिनतारी यंत्रावर ऐकलेला हवामानाचा अंदाज सांगितला : वारा उद्या दिवसभर राहणार. सिंगीहून केबनेकाइसेची वाट दोन उंच कड्यांमधल्या दरीतून जाते, तेथे वारा बोगद्यासारखा अंगावर येतो. बाई एवढेच म्हणाल्या, “किरुनाहून गाडी परवाही सुटते.” आणि त्या भांडी घासायला उठल्या. सातवा दिवस तिघांनी सिंगीच्या घरात झोपून, खाऊन काढला. तिकिटाचे पैसे बुडाले.

हा वाद मला सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सहलीच्या सुरुवातीला माणूस आभाळाकडे पाहून निर्णय घेतो. शेवटी शेवटी तो घड्याळाकडे पाहून घेतो. सोमवारी कामावर हजर व्हायचे असते, घरी फोन केलेला असतो, जेवण संपत आलेले असते. त्यात मेंदूही उपाशी आणि दमलेला. थकलेल्या मेंदूला दोन पर्यायांची तुलना करण्याचे कष्ट नको असतात. तो आधी ठरलेले तसेच रेटून नेतो.

नॉर्वेच्या लोकांनी याची किंमत मोजलेली आहे. १९६७ साली ईस्टरच्या सुट्टीत त्या देशाच्या डोंगरांत अठरा माणसे मरण पावली. त्यानंतर तेथील रेड क्रॉस आणि पदभ्रमण संघटनेने मोठी मोहीम काढली आणि १९५२ मध्ये तयार झालेले डोंगरातल्या शहाणपणाचे नियम घरोघर पोचवले. ते नऊ आहेत. २०१६ मध्ये त्यांची भाषा बदलली, पण एक नियम तसाच राहिला. तो सांगतो, की वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. तिकडच्या शाळकरी पोरांनाही तो पाठ असतो. गंमत म्हणजे हा नानसेनचा देश. मज्जासंस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवलेला हा संशोधक १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलंड ओलांडायला निघाला तो मुद्दाम निर्मनुष्य पूर्व किनाऱ्यावरून, मागे फिरण्याचा मोहच होऊ नये म्हणून. तो तरला, त्याचे पुतळे झाले. पण त्याच्या देशाने सामान्य माणसासाठी नियम केला तो नेमका उलटा, आणि माझ्या मते त्यातच त्यांची समज दिसते.

स्वीडनमध्ये अशी आठवण आनारिसची. येम्तलँड प्रांतातल्या या डोंगरभागात फेब्रुवारी १९७८ मध्ये नऊ स्कीवाले वादळात सापडले. त्यांनी बर्फ खणून आसरा करण्याचा प्रयत्न केला. नऊपैकी आठ गेले, एक वाचला. बर्फात खणून आत शिरणे हा प्राण वाचवणारा उपाय आहे, कारण बर्फाच्या गुहेत वारा नसतो. पण खणायला तासनतास लागतात, घाम येतो, हात भिजतात. अंगात शक्ती आहे तोवर खणायला घ्यावे लागते. शक्ती संपल्यावर सुचलेला हा उपाय अर्ध्यावर राहतो. नॉर्वेच्या नियमांतही आसरा घेण्याबरोबर ताकद राखून ठेवण्याची गोष्ट सांगितली आहे ती उगीच नाही.

आठव्या दिवशी वारा पडला आणि आकाश निळेशार निघाले. केबनेकाइसेच्या पायथ्याच्या मोठ्या घरात वीज होती, उपाहारगृह होते. नवव्या दिवशीचे एकोणीस किलोमीटर बहुतेक उताराचे आणि गोठलेल्या तळ्यावरचे. सगळे खुशीत. भाच्याचा गॉगल घामाने सारखा धूसर व्हायचा, म्हणून त्याने तो कपाळावर चढवला तो संध्याकाळपर्यंत. रात्री आगगाडीत डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखे झाले, पाणी वाहू लागले, दिवा सोसवेना.

हे हिमांधत्व. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे डोळ्यांना ऊन वरून लागते आणि खालूनही. बुबुळावरचा पातळ पडदा भाजतो. वेल्डिंग करणाऱ्यांना होते तेच हे दुखणे, आणि तसेच सहा ते बारा तास उशिरा जाणवते. दिवसा काही कळत नाही, तेथेच फसगत होते. एक-दोन दिवसांत ते आपोआप बरे होते. अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून राहावे, थंड पाण्याची घडी ठेवावी, वेदनाशामक गोळी घ्यावी. लेन्स लावली असेल तर काढावी. डोळा बधिर करणारे थेंब कोणाकडून मागून पुन्हा पुन्हा घालू नयेत, त्याने बुबुळाची जखम चिघळते. आणि गॉगलला बाजूनेही आडोसा हवा. रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणारा काळा चष्मा अतिनील किरण अडवतोच असे नाही. तो लावल्याने बाहुली मोठी होते आणि किरण आणखी आत जातात.

हे सगळे वाचून कोणी विचारील, की थंडीसाठी थोडी ब्रँडी जवळ ठेवली तर? मला हा प्रश्न दर डिसेंबरात ऐकावा लागतो. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब आल्यासारखे वाटते, आणि गाभ्याची ऊब त्या वाटेने बाहेर जाते. शिवाय हुडहुडी मंदावते. मुक्कामावर, शेगडीपाशी कोणी घेतली तर तो त्याचा प्रश्न. वाटेवर ती विष आहे. तंबूच्या आत दार लावून स्टोव्हवर बर्फ वितळवणे हाही असाच घात. जळणारा स्टोव्ह हवा खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो. डोके दुखते, मळमळते, आणि माणूस उंचीचा किंवा थकव्याचा दोष समजून डोळे मिटतो.

थंडीने गारठलेल्या माणसाबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती डॉक्टरांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. २० मे १९९९ रोजी नॉर्वेत नार्विकजवळ आन्ना बोगेनहोल्म ही एकोणतीस वर्षांची स्वीडिश डॉक्टर दोन सहकाऱ्यांबरोबर संध्याकाळी स्की करीत होती. ती घसरून गोठलेल्या ओढ्यात डोक्याकडून अडकली. बर्फाखाली हवेची एक पोकळी मिळाल्याने ती सुमारे चाळीस मिनिटे शुद्धीवर होती. मग हृदय थांबले. ऐंशी मिनिटांनी तिला बाहेर काढले, छाती दाबत हेलिकॉप्टरने ट्रोम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयात नेले. तेथे तिचे तापमान १३.७ अंश भरले. डॉ. मॅड्स गिल्बर्ट यांच्या पथकाने तिचे रक्त यंत्रातून फिरवून सावकाश गरम केले, आणि हृदय पुन्हा सुरू झाले. बरी व्हायला बराच काळ गेला, हातांच्या मज्जातंतूंना इजा राहिली, पण ती पुन्हा डॉक्टर म्हणून कामावर रुजू झाली. थंड पडत गेलेल्या मेंदूला प्राणवायू फार कमी लागतो, म्हणून हे घडू शकले. म्हणून गारठून निपचित पडलेल्या माणसाची नाडी पूर्ण मिनिटभर तपासावी, श्वास पाहावा, आणि लागत नसली तरी त्याला मेला असे ठरवू नये. आधी गरम करावे, मग ठरवावे, असा आमच्या शास्त्राचा दंडक आहे.

अलीकडे आपल्या जिल्ह्यातलीही मुले हिवाळ्यात हिमाचल-उत्तराखंडच्या बर्फात ट्रेकला जाऊ लागली आहेत. त्यांपैकी काही जण परत आल्यावर महिनाभराने बधिर बोटे दाखवायला येतात. महिना हा फार उशीर झाला. गंभीर हिमदंशात पहिल्या एक-दोन दिवसांत मोठ्या रुग्णालयात पोचले तर रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारी किंवा रक्तवाहिन्या रुंद करणारी औषधे शिरेतून देता येतात. त्यांपैकी आयलोप्रोस्ट या औषधाला अमेरिकेत २०२४ साली या कामासाठी मान्यता मिळाली. डॉक्टरांनी मना केले नसेल तर आयबुप्रोफेनची गोळी जेवणानंतर चालते. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले नसेल तर घ्यावे. फोड घरी फोडू नये. बोटांमध्ये कोरडी जाळीची पट्टी सैल ठेवावी, पाय उशीवर उंच ठेवावा आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद करावी, कारण तंबाखू आधीच अरुंद झालेल्या वाहिन्या आणखी आवळते. बरे झालेले बोटही पुढची काही वर्षे थंडीला हळवे राहते, त्याला मुंग्या येतात, घाम जास्त येतो. नख गळून पडले तर घाबरू नये, बहुधा नवे येते. बोट काळे पडले तरी जंतुसंसर्ग नसेल तर शस्त्रक्रियेची घाई नसते. काळ्या कातडीखाली किती जिवंत आहे हे कळायला कित्येक आठवडे, कधी कधी दोन-तीन महिने लागतात, आणि पहिल्या आठवड्यात गेलेच असे वाटलेले बोट पुष्कळदा टोकाची कातडी टाकून खालून गुलाबी निघते. तेव्हा पहिल्याच भेटीत कोणी बोट कापायची तारीख देऊ लागले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्यावे.